शंट बसवल्यानंतरची वर्षे : जलशीर्ष झालेल्या मुलांची वाढ आणि जगणे

सदर (जबलपूर) : जबलपूरच्या छावणीतील सदर भागात राहणाऱ्या कुटुंबाला नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय रिक्षाने गाठता येते. दिंडोरीहून निघालेल्या कुटुंबाला त्यासाठी सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता कापावा लागतो, आणि दिंडोरीला रेल्वे नाही. एरवी ही गैरसोय सहन करता येते. डोक्यात पाणी साठल्यामुळे शंट बसवावा लागलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र याच अंतरावर त्याची दृष्टी, बुद्धी आणि कधी कधी जीवही अवलंबून असतो. शंटची नळी कधीही तुंबू शकते आणि ती तुंबल्यावर हाताशी थोडाच वेळ असतो.

या विकाराला मराठीत जलशीर्ष म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात हायड्रोसेफॅलस हा शब्द रूढ आहे. मेंदूच्या आतील पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. प्रौढ माणसात तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो, पण एका वेळी साठून असतो तो जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे हा द्रव दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो. त्याची निचऱ्याची वाट अडली की पोकळ्या फुगतात आणि भोवतालच्या मेंदूवर दाब येतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने डोके वाढू लागते. मोठ्या मुलात कवटी ताणली जात नाही, त्यामुळे दाब थेट मेंदूवर येतो.

ही अडचण काही बाळांत जन्मतःच असते. द्रव वाहून नेणारा मार्ग अरुंद असणे किंवा पाठीच्या कण्यात दोष असणे ही त्याची नेहमीची कारणे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही जलशीर्ष होते. भारतात आणखी एका मोठ्या कारणाची भर पडते, ते म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग. कारण कोणते, यावर मुलाचे पुढचे आयुष्य बरेच अवलंबून असते. मार्ग अरुंद असलेल्या मुलाचा मेंदू मुळात निरोगी असू शकतो. संसर्गाने किंवा रक्तस्रावाने मेंदूलाच इजा झाली असेल, तर पाण्याचा निचरा करून ती इजा भरून येत नाही.

शंट म्हणजे सिलिकॉनची बारीक नळी. तिचे एक टोक मेंदूच्या पोकळीत असते. मध्ये ठरावीक दाबाला उघडणारी झडप असते आणि कानामागून, मान व छातीच्या कातडीखालून दुसरे टोक पोटात सोडलेले असते. मूल उंच होणार हे गृहीत धरून पोटात नळीची जादा लांबी ठेवतात. टिकाऊ झडपेचा शोध १९५० च्या दशकात अमेरिकेत लागला. फिलाडेल्फियातील जॉन होल्टर या यंत्रकारागिराने स्वतःच्या नवजात मुलासाठी सिलिकॉनची झडप तयार केली. त्याआधी अशा मुलांसाठी करण्याजोगे फार थोडे होते.

भारताचेही या क्षेत्रात योगदान आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते. उत्तर प्रदेशातील शाहजहांपूर येथे बनणारा छाबडा शंट अनेक गरीब देशांत वापरला जातो. बेंजामिन वॉर्फ या अमेरिकी न्यूरोसर्जननी युगांडातील १९५ मुलांमध्ये या शंटची एका महागड्या पाश्चात्य शंटशी तुलना केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाची किंमत सुमारे ३५ डॉलर, दुसऱ्याची सुमारे ६५० डॉलर. पण वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन प्रकारच्या झडपा ३४४ मुलांत पारखण्यात आल्या होत्या. त्यांतही कोणतीच झडप सरस ठरली नाही आणि सुमारे ४० टक्के मुलांचा शंट पहिल्याच वर्षात निकामी झाला. महागडा शंट परवडला नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या पालकांना हे आकडे कोणीतरी समजावून सांगायला हवेत.

शंट निकामी होणे ही बहुधा कोणाची चूक नसते. पोकळीतील ऊतीने नळीचे तोंड बुजते, नळी तुटते किंवा निसटते. शंटमध्ये संसर्गही होऊ शकतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच होतो. तेव्हा जुना शंट काढणे, काही दिवस बाहेरून निचरा करणे, शिरेवाटे प्रतिजैविके देणे आणि नवा शंट बसवणे, असा रुग्णालयातला लांब मुक्काम पदरी पडतो. रोजंदारीवर जगणाऱ्या आई-वडिलांना हे दिवस कसे पेलतात, याचा हिशेब कोणत्याही केसपेपरवर नसतो.

खरी अडचण लक्षणे ओळखण्यात आहे. बाळाची टाळू फुगते, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसतात, बुबुळे खाली ओढल्यासारखी होतात आणि दूध पिणे कमी होते. मोठ्या मुलाला सकाळी उठताना डोके दुखते, उलटी होते, झापड येते. हीच लक्षणे पित्ताची, उन्हाची, तापाचीही असतात. महाकोशलच्या उन्हाळ्यात उलटी करून निपचित पडलेल्या मुलाला ऊन लागले, असेच घरी प्रथम समजले जाते. मंडला, दिंडोरी, बालाघाट या वनपट्ट्यात ताप आणि डोकेदुखी म्हटली की पहिली शंका मलेरियाची येते आणि ती रास्तही असते. मात्र शंट असलेल्या मुलाला मलेरियाची गोळी देऊन दोन दिवस वाट पाहणे परवडत नाही. अशा मुलाला उलट्या आणि झापड ही लक्षणे एकत्र दिसली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत शंटच तुंबला आहे असे समजून चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. बद्धकोष्ठामुळे पोटातील दाब वाढूनही निचरा मंदावू शकतो. ही गोष्ट साधी असली तरी घरी क्वचितच कोणी सांगते.

त्यामुळे कागदपत्रांना या आजारात औषधाइतके महत्त्व येते. शंट कोणत्या प्रकारचा, केव्हा बसवला, शेवटची दुरुस्ती कधी झाली, याची नोंद आणि मूल बरे असतानाचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय घरात जपून ठेवावा लागतो. काही मुलांच्या पोकळ्या बरे असतानाही मोठ्या दिसतात, तर काहींच्या शंट तुंबल्यावरही फारशा फुगत नाहीत. तुलनेला जुने चित्र नसेल, तर रात्री दोन वाजता आलेल्या मुलाकडे पाहून डॉक्टरला अंदाज बांधावा लागतो.

या मुलांचे पुढे काय होते, याचे एक प्रामाणिक उत्तर पॅरिसमधील अभ्यासात सापडते. शंट बसवलेल्या १२९ मुलांचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ६० टक्के मुलांत हालचालीचा काही ना काही दोष राहिला, २५ टक्के मुलांना दृष्टी किंवा श्रवणाची अडचण होती आणि ३० टक्के मुलांना अपस्मार होता. ज्यांचा बुद्ध्यांक ९० च्या वर होता, अशी मुले ३२ टक्के होती. तरीही ६० टक्के मुले सर्वसाधारण शाळेत जाऊ शकली. त्यांतील निम्म्यांना मात्र अभ्यासात अडचणी होत्या किंवा ती एक-दोन वर्षे मागे होती. त्या काळानंतर उपचार सुधारले आहेत आणि भारतातील कारणेही निराळी आहेत, म्हणून हे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण मूल वाचले म्हणजे प्रश्न संपला, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

शाळेतील अडचणींचे स्वरूप फसवे असते. यांतील अनेक मुले बोलायला चटपटीत असतात. शब्दसंग्रह चांगला असतो, पाहुण्यांशी गप्पा रंगतात. पण गणिताची मांडणी, नकाशा वाचणे, फळ्यावरचे वहीत उतरवणे, एका वेळी दोन सूचना लक्षात ठेवणे यांत ती अडखळतात. जागेचे आणि आकारांचे आकलन, हाताची सफाई, कामाचा वेग ही अंगे भाषेच्या मानाने कच्ची राहतात, असे मानसशास्त्रीय चाचण्यांत वारंवार दिसले आहे. मग शिक्षक म्हणतात, ‘बोलतो तर किती छान, अभ्यासातच आळस करतो.’ आळशीपणाचा हा शिक्का मुलाला मूळ आजाराइतकाच जाच करतो. परीक्षेत थोडा अधिक वेळ, पुढच्या बाकावर जागा आणि कमी लेखनकाम एवढ्याने पुष्कळ फरक पडू शकतो. आधी उत्तम शिकणारे मूल अचानक मागे पडू लागले, तर तेही नळी हळूहळू तुंबत असल्याचे लक्षण असू शकते. हा बदल डॉक्टरच्या आधी वर्गशिक्षकांच्या नजरेस पडतो.

मुलाचे जगणे कसे चालले आहे, हे मोजण्यासाठी टोरांटोतील बाल न्यूरोसर्जन डॉ. अभय कुलकर्णी यांनी २००४ मध्ये पालकांनी भरण्याची ५१ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. शारीरिक स्थिती, भावना व नातेसंबंध आणि आकलन अशी तिची तीन अंगे आहेत. तिच्या आधारे झालेल्या कॅनडातील अभ्यासांत वारंवार येणारे झटके आणि संसर्गामुळे रुग्णालयात गेलेले दिवस यांचा जीवनमानाच्या घसरणीशी संबंध दिसला. त्याबरोबरच घरची सामाजिक आणि आर्थिक स्थितीही महत्त्वाची ठरली. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था बळकट असलेल्या देशात हे दिसत असेल, तर दिंडोरीतील घराबाबत वेगळे सांगायला नको.

काही मुलांचा शंट टाळताही येतो. दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून द्रवाला नैसर्गिक वाट करून देतात. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यूरोसर्जन डॉ. यादराम यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियेवर आणि क्षयजन्य जलशीर्षातील तिच्या उपयोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. ती प्रत्येकाला लागू पडत नाही. तिच्या यशाचा अंदाज बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गुणपद्धतीत एक महिन्याहून लहान बाळाला वयासाठी शून्य गुण मिळतात आणि संसर्गजन्य कारणालाही शून्यच. युगांडातील १०० बाळांत दुर्बिणीच्या उपचाराची शंटशी तुलना झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर बौद्धिक विकासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. नळीवर आयुष्यभर विसंबून राहावे लागत नाही, हा मात्र या उपचाराचा मोठा फायदा. विशेषतः रुग्णालय दूर असलेल्यांना त्याचे मोल अधिक.

सरकारी व्यवस्थेत या मुलांसाठी तरतुदी आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून मज्जानलिकेचे जन्मजात दोष त्याच्या यादीत आहेत. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर आणि वर्षाच्या अखेरीस ४५ ते ४६ सेंटिमीटर असतो. तो मोजायला शिंप्याची फीत पुरते. वजनाच्या नोंदीइतकी ही नोंद नियमित झाली, तर बरीच मुले वेळेत सापडतील. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास कण्याच्या दोषांचा धोका पुष्कळ घटतो, हे १९९१ मध्येच सिद्ध झाले आहे. गोळी मात्र बहुधा दिवस राहिल्याचे कळल्यावरच सुरू होते, आणि मज्जानलिका मिटायची ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. जलशीर्षाचे नाव त्यांत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मागताना मुलाला अस्थिदोष, अल्पदृष्टी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता यांपैकी एखाद्या चौकटीत बसवावे लागते. थोडे थोडे सगळेच असलेले मूल कोणत्याच चौकटीत पुरेसे भरत नाही.

अठरा वर्षांनंतर प्रश्न बदलतात. बालरोग विभागातील नोंदी मागे राहतात. तरुण स्वतःला बरा समजून तपासणी सोडतो. वीस वर्षे चाललेला शंटही एके दिवशी तुंबू शकतो. शंट असलेल्या स्त्रीला मूल होऊ शकते. त्यासाठी न्यूरोसर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ यांची एकत्र देखरेख लागते. तरीही लग्नाच्या बोलणीत कानामागची गाठ केसांखाली झाकण्याकडे अनेक घरांचा कल असतो. मग नव्या घरात एखाद्या सकाळी डोके दुखून उलटी झाली, तर त्या घरातील कोणालाच त्याचा अर्थ ठाऊक नसतो.