‘होमली’ म्हणजे नक्की कशी?

२०१४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. न्यू जर्सीत येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि लग्नाला सहा. ऑफिसच्या टीमसोबत बाहेर जेवायला गेलो होतो. ‘बायको रमली का इथे? कशी आहे ती?’ असं कुणीतरी सहज विचारलं. मीही सहज, खरं तर जरा कौतुकानेच सांगितलं, ‘शी इज व्हेरी होमली.’

टेबलावर एकदम शांतता. एकाने पाण्याचा ग्लास उचलला, दुसऱ्याने विषय फुटबॉलवर नेला. मला वाटलं, आपला उच्चार चुकला असणार.

परत येताना एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुला नक्की काय म्हणायचं होतं?’ मी म्हटलं, घराची आवड असलेली, माणसांना धरून राहणारी, स्वयंपाक छान करणारी. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘मग हा शब्द पुन्हा वापरू नकोस. तू आत्ता सगळ्यांना सांगितलंस की तुझी बायको दिसायला बेताची आहे!’

मंडळी, आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती वाचून वाढलेल्या कुणालाही हा धक्काच आहे. ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ याचं इंग्रजी आपण वर्षानुवर्षं ‘फेअर, होमली’ असंच करत आलो. आणि अमेरिकेत त्याच ‘होमली’चा अर्थ सुस्वरूपच्या बरोबर उलटा. ‘अग्ली’ म्हणजे सरळ कुरूप. ‘होमली’ त्याहून सौम्य. आपण ‘चारचौघींसारखी आहे हो’ म्हणतो तेव्हा जे बोलायचं टाळतो, तेच. अब्राहम लिंकन यांच्या चेहऱ्याचं वर्णन करताना त्यांच्या काळच्या लोकांनीही हाच शब्द वापरला आहे.

इंग्लंडमध्ये मात्र हाच शब्द गुणाचा. तिकडे एखादं छोटं हॉटेल ‘होमली’ असलं तर ते उबदार आणि साधं, बडेजाव नसलेलं. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) डोंगराळ मुलुखात शिरण्याआधी थकल्या प्रवाशांना आसरा देणारं जे घर आहे, त्याच्या नावातच हा शब्द आहे. ते घर दिसायला वाईट आहे, असं लेखकाला अर्थातच म्हणायचं नव्हतं.

शब्द मूळचा ‘होम’वरूनच आलेला, निदान चौदाव्या शतकापासूनचा. नॉर्विचची ज्युलियन नावाची संत स्त्री त्याच काळातली. देवाचं प्रेम कसं आहे हे सांगताना ती हाच शब्द वापरते. म्हणजे परका नाही, घरातला, आपला. जनाबाईला दळण दळू लागणारा आपला विठोबा आठवला की हा अर्थ चटकन कळतो. पुढे ‘घरचा’चा झाला ‘साधा’, आणि ‘साधा’चा झाला ‘दिसायला साधा’. मिल्टन यांच्या १६३४ च्या ‘कोमस’ नाटकात तर शब्दावर कोटीच आहे. दिसायला साधारण असलेल्यांनी घरात बसावं, त्यांना ते नाव त्यावरूनच पडलं, अशा अर्थाची. म्हणजे दिसण्याचा अर्थ अमेरिकेने शोधून काढलेला नाही. तो इंग्लंडातूनच आला. अमेरिकेत हा अर्थ वरचढ ठरला, इंग्लंडात जुना जास्त टिकला. आपण भारतात तिसराच धरून बसलो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ही फजिती रंगवून सांगितली. बायको हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

‘दिसण्याचं जाऊ दे रे,’ ती म्हणाली. ‘पण तुला जे म्हणायचं होतं, ते तरी खरं आहे का? माझ्या बायोडेटात हा शब्द मावशीने घातला होता. मी तेव्हाच काढायला सांगितलं होतं.’

ती पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होती. माझ्यामागे एच-४ व्हिसावर आली, आणि त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. सकाळी मी निघालो की ती घरात, बाहेर बर्फ, गाडी माझ्याकडे. त्यावर मी चारचौघांत सांगून आलो होतो की तिला घराची आवड आहे. ‘मी घरी बसलेय, म्हणून घरगुती झाले का?’ हा तिचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२६ मे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. पण त्यासाठी बहुतेकांना नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला लागतो. आमचा नंबर लागायला २०१७ उजाडलं. परवान्याचं कार्ड पोस्टाने आलं त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. बाहेरून पिझ्झा मागवला.

आता कामाच्या गोष्टी. अमेरिकेत घर किंवा हॉटेल उबदार वाटलं तर ‘होमी’ किंवा ‘कोझी’ म्हणा. ‘घरगुती जेवण’ म्हणजे ‘होम-कुक्ड’. घरात रमणारा माणूस ‘होमबॉडी’. आपला ‘घरकोंबडा’ म्हणा हवं तर, पण त्यातला टोमणा वगळून. कुटुंबाला जपणारा असेल तर ‘फॅमिली-ओरिएंटेड’. आणि ‘होमली’ हा शब्द कुणाच्या बायकोबद्दल, विशेषतः स्वतःच्या, अजिबात नाही.

गेल्या महिन्यात मामीने मामेबहिणीचा बायोडेटा पाठवला. स्थळ इकडचं, म्हणून ‘इंग्रजी जरा बघून दे’. तिसऱ्याच ओळीत ‘होमली’ बसलेला. मी फोन करून अर्थ सांगितला. मामी घाबरली. ‘अगं बाई! मग दुसरा शब्द सुचव ना.’ मी ‘फॅमिली-ओरिएंटेड’ म्हणणार, तेवढ्यात बायकोने फोन घेतला.

‘मामी, शब्दच काढून टाका. ती फिजिओथेरपिस्ट आहे, ट्रेकिंग करते, तेवढं लिहा.’

‘अगं, पण ती घर सांभाळेल की नाही, हे त्यांना कळायला नको का?’

‘मुलाचा बायोडेटा आलाय ना तुमच्याकडे? तो घर सांभाळेल का, ते त्यात कुठे लिहिलंय बघा.’

मामी थोडा वेळ गप्प होती. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

‘नाही गं,’ मामी म्हणाली, ‘कुठेच नाही लिहिलेलं.’

दुसऱ्या दिवशी नवा बायोडेटा आला. तिसरी ओळ गेली होती.