शंभर ते चारशे मीटर : इरेना शेविन्स्का यांच्या कारकिर्दीचा मागोवा

पोलंडच्या इरेना शेविन्स्का यांनी 1964 ते 1980 या काळात सलग पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेऊन पाच वेगवेगळ्या प्रकारांत तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य अशी सात पदके मिळवली. परंतु पदकांच्या या बेरजेपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की वेगवान धावपटूची कारकीर्द साधारणपणे जेथे उतरणीला लागते तेथे त्यांनी आपले अंतरच बदलले, आणि 100, 200 व 400 मीटर या तिन्ही अंतरांचे विश्वविक्रम नावावर असणाऱ्या त्या एकमेव धावपटू ठरल्या.

1946 मध्ये लेनिनग्राड येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या इरेना (माहेरचे आडनाव किर्शेन्श्टाइन) बालपणीच वॉर्सात आल्या. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी 200 मीटर आणि लांब उडी यांत रौप्यपदके, तर 4 × 100 मीटर रिलेत, म्हणजे चौघींनी हातोहात बॅटन देत धावण्याच्या शर्यतीत, सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी 100 मीटरमध्ये 11.1 सेकंद आणि 200 मीटरमध्ये 22.7 सेकंद असे विश्वविक्रम नोंदवले. उंच, सडपातळ अंगकाठीमुळे शर्यतीच्या आरंभी त्या काहीशा मागे राहत, मात्र लांब टांगांच्या बळावर उत्तरार्धात ती तूट भरून काढत. त्यांच्या पुढील वाटचालीचे बीज बहुधा या शरीररचनेतच होते.

1967 आणि 1968 ही दोन वर्षे क्रीडांगणाबाहेरच्या घडामोडींनी झाकोळलेली होती. टोकियोच्या रिले संघातील त्यांची सहकारी एवा क्लोबुकोव्स्का हिला 1967 मध्ये गुणसूत्रांवर आधारलेल्या लिंगतपासणीत अपात्र ठरवण्यात आले आणि चौघींचा रिलेतील विश्वविक्रम अधिकृत यादीतून वगळला गेला. ही तपासणी शास्त्रीयदृष्ट्या किती तोकडी होती हे पुढे मान्य झाले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1999 मध्ये तिची सक्ती थांबवली. तोवर क्लोबुकोव्स्काची कारकीर्द मात्र केव्हाच संपली होती. 1968 च्या मार्चपासून पोलंडच्या साम्यवादी राजवटीने ज्यूविरोधी मोहीम उघडली, हजारो ज्यू नागरिकांना देश सोडावा लागला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, विवाहानंतर शेविन्स्का हे आडनाव लावणाऱ्या याच धावपटूने मेक्सिको सिटीत 200 मीटरचे सुवर्णपदक विश्वविक्रमासह पोलंडला मिळवून दिले, हा विरोधाभास पोलंडच्या क्रीडा-इतिहासात नजरेआड करता येत नाही. त्याच स्पर्धेत त्यांना 100 मीटरचे कांस्यपदकही मिळाले.

1970 मध्ये मुलगा झाल्यानंतर त्या मैदानावर परतल्या खऱ्या, पण 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 200 मीटरच्या कांस्यपदकावर त्यांना समाधान मानावे लागले. पूर्व जर्मनीची रेनाटे श्टेशर तेव्हा छोट्या अंतरांवर अधिराज्य गाजवत होती. 1973 मध्ये शेविन्स्का 400 मीटरकडे वळल्या. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये 1964 पासूनच समाविष्ट झाली होती, त्यामुळे ती कशी धावावी याचे ठोकताळे अजून पक्के व्हायचे होते. या अंतरात आरंभापासून पूर्ण वेग टिकवणे शक्य नसते. शेवटच्या टप्प्यात स्नायूंत आम्लता वाढून पाय जड होतात, म्हणून उपजत वेगाइतकाच शक्ती कोठे राखावी याचा हिशेब निर्णायक ठरतो. 1974 च्या जूनमध्ये त्यांनी पॉट्सडॅम येथे 200 मीटरचा विश्वविक्रम केला आणि काही दिवसांतच वॉर्सात 400 मीटर 49.9 सेकंदांत धावून हे अंतर 50 सेकंदांच्या आत कापणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यानंतर सप्टेंबरमध्ये रोम येथील युरोपीय स्पर्धेत 100 व 200 मीटर या दोन्ही शर्यतींत त्यांनी श्टेशरला मागे टाकले. ऑलिंपिक नसलेले हेच वर्ष त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानावे लागेल, जरी लोकस्मृतीत 1976 चे मॉन्ट्रियल अधिक ठसले असले तरी. तेथे तिशीच्या शेविन्स्का यांनी 400 मीटर 49.28 सेकंदांत जिंकताना अठरा वर्षांच्या क्रिस्टिना ब्रेमरला एका सेकंदाहून अधिक फरकाने मागे टाकले, आणि या अंतरात एवढा फरक क्वचितच पडतो.

1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्यांची धाव दुखापतीमुळे उपांत्य फेरीतच संपली.  सत्तरच्या दशकातील वेळांची तुलना मात्र जपूनच करावी लागते, कारण पूर्व जर्मनीत शासनाच्याच आशीर्वादाने खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये दिली जात असल्याचे कागदोपत्री पुरावे पुढे उघडकीस आले.

वॉर्सा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या शेविन्स्का निवृत्तीनंतर क्रीडा-प्रशासनात स्थिरावल्या. 1997 ते 2009 या काळात त्या पोलंडच्या अॅथलेटिक्स महासंघाच्या अध्यक्ष होत्या, तर 1998 पासून अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य. 2016 मध्ये त्यांना ‘शुभ्र गरुड’ हा पोलंडचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. 29 जून 2018 रोजी कर्करोगाने वॉर्सात त्यांचे निधन झाले, तेव्हाही मॉन्ट्रियलची ती 49.28 सेकंदांची वेळ पोलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून कायम होती. जून 2024 मध्ये रोमच्या युरोपीय स्पर्धेत नतालिया काच्मारेक हिने 48.98 सेकंदांत धावून ती मागे टाकली.