भांग, हशीश आणि भासांचे साहित्य : आरंभीच्या अनुभवलेखनाचे स्वरूप आणि त्याचे पुरावामूल्य

प्रास्ताविक

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पाने वाटून केलेली भांग प्यायली किंवा खाल्ली जाते, मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे म्हणजे गांजा आणि त्याच झाडाची राळ म्हणजे चरस. अरबी परंपरेत 'हशीश' या शब्दाने ओळखला जाणारा पदार्थ याच कुळातला. या पदार्थांच्या सेवनानंतर येणाऱ्या अनुभवांविषयी सोळाव्या शतकापासून युरोपीय भाषांत लेखन आढळते. एकोणिसाव्या शतकात तर त्याचा एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झाला. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य या तिन्ही विषयांच्या अध्यापनात या लेखनाचे दाखले दिले जातात. ते देताना 'भांग घेतल्यावर माणसाला अमुक दिसते' असे विधान सहज केले जाते आणि आधाराला एखाद्या फ्रेंच कवीचे किंवा अमेरिकन लेखकाचे नाव जोडले जाते. हा आधार कितपत भक्कम आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या लेखनातील भासांचा मजकूर द्रव्यातून जेवढा आला आहे, त्याहून अधिक तो लेखकाच्या वाचनातून, प्रवासातून आणि अपेक्षेतून आला आहे, असे कालक्रमाने पाहता दिसून येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अथर्ववेदात 'भंग' या वनस्पतीचा उल्लेख येतो, त्यामुळे या विषयाची सुरुवात तेथून करावी असा आग्रह धरला जाण्याचा संभव आहे. परंतु तो वनस्पतीचा उल्लेख आहे, सेवनानुभवाचे वर्णन नव्हे. वनस्पतीचा इतिहास आणि अनुभवलेखनाचा इतिहास यांची गल्लत न करणेच इष्ट.

गोव्यातील ग्रंथ आणि बंगालच्या उपसागरावरील व्यापारी

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा 1534 मध्ये मार्तिं अफोन्सो द सोझा याच्याबरोबर गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे वैद्य म्हणून जाणेयेणे होते. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. (पोर्तुगीज महाकवी कामोइंश याची छापली गेलेली पहिली कविता याच औषधिग्रंथाच्या आरंभी आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात नसते.) त्यातील आठवा संवाद भांगेवर आहे. ओर्ता तेथे तीन प्रकारच्या माणसांचे अनुभव नोंदवतो. त्याच्याबरोबर घाटावरील मुलखात राहिलेल्या एका पोर्तुगीज विदूषकाने भांगेचा पाक खाल्ला. तो आधी गमतीने बरळू लागला आणि मग रडत बसला. ओर्ताच्या नकळत भांग घेणाऱ्या त्याच्या नोकरांनी सांगितले की, तिच्यामुळे कामाचा शीण वाटत नाही, मन आनंदी राहते आणि भूक लागते. तिसरा अनुभव गुजरातचा सुलतान बहादूरशहा याचा आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो, असे त्याने मार्तिं अफोन्सो याला सांगितले होते.

या यादीतील ब्राझीलचे नाव विचार करण्याजोगे आहे. गुजरातच्या सुलतानाला त्या काळी ब्राझीलचे स्वप्न पडावे, याचे कारण भांगेत शोधून सापडणार नाही. ज्याच्याजवळ तो हे बोलला, त्या मार्तिं अफोन्सोने 1532 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर साव व्हिसेंत ही वसाहत स्थापन केली होती. सुलतान आपल्या पाहुण्याकडून ऐकलेल्या देशात रात्री हिंडत होता, हे अनुमान म्हणूनच सयुक्तिक ठरते. नोकरांना मात्र परदेश दिसले नाहीत. त्यांना दिवसभराच्या कामातून थोडी सुटका हवी होती आणि त्यांनी सांगितले ते तेवढेच.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, 1670 च्या दशकात, थॉमस बाउरी हा इंग्रज व्यापारी बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर वावरत होता. त्याने आणि त्याच्या आठ-दहा सोबत्यांनी बाजारातून सहा पेनींची भांग आणवली, ती घोटण्यासाठी एका फकिराला बोलावले आणि कोणी बाहेर पळू नये, तसेच कोणी आत येऊन हसू नये, म्हणून दारेखिडक्या लावून घेऊन प्रत्येकी एक पाइंट भांग प्यायली. एक जण दुपारभर रडत राहिला. दुसऱ्याने एका मोठ्या रांजणात डोके घातले ते चार तास बाहेर काढले नाही. चौघे-पाच जण गालिच्यावर लोळत स्वतःस बादशहा समजून परस्परांची स्तुती करीत होते, तर एकाने ओसरीच्या लाकडी खांबाशी मारामारी करून बोटांची सालटी काढून घेतली. खुद्द बाउरी तीन तास घामाघूम होऊन बसून राहिला. हे हस्तलिखित 1905 मध्ये हॅक्लूट सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यातील वर्णन चोख आणि विनोदी आहे. परंतु त्यात स्वर्गीय संगीत नाही, अनंत काळाचा साक्षात्कार नाही आणि प्राचीन मंदिरेही नाहीत. आपल्याला आतून काय दिसले हे लिहिण्याजोगे असते, असे त्या व्यापाऱ्याला वाटलेलेच नाही.

डी क्विन्सीने पाडलेला फरक

हे 'आतले' लिहिण्याची रीत रूढ झाली ती थॉमस डी क्विन्सीच्या आत्मकथनाने. 1821 च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या 'लंडन मॅगझिन'मध्ये ते प्रसिद्ध झाले. विषय अफूचा होता, भांगेचा नव्हे. पण नंतरच्या प्रत्येक हशीश-लेखकाने साचा घेतला तो याच लेखनाचा. अफाट विस्तारणारे अवकाश, शतकांएवढी लांबलेली रात्र, आशिया खंडाची भयस्वप्ने आणि अखेरीस व्यसनाची यातना असा तो साचा होय. त्यातील एक तपशील बोलका आहे. पिरानेझीच्या चित्रांतील अंतहीन जिन्यांशी डी क्विन्सी आपल्या स्वप्नांची तुलना करतो. परंतु ती चित्रे त्याने स्वतः पाहिली नव्हती, कोलरिजकडून त्यांचे वर्णन ऐकले होते, हे तो स्वतःच सांगतो.

पॅरिसमधील मंडळी

1840 च्या दशकात पॅरिसमध्ये हशीशकडे दोन वाटांनी लक्ष गेले. एक वाट वैद्यकाची होती. मोरो द तूर या मनोविकारतज्ज्ञाने पूर्वेकडील प्रवासात हशीश पाहिली, स्वतः घेतली आणि 1845 मध्ये हशीश व वेड यांवरील ग्रंथ लिहिला. वेड आतून कसे असते हे वैद्याला स्वतः अनुभवता येईल, अशी त्याची भूमिका होती. दुसरी वाट आख्यायिकेची. प्राच्यविद्यापंडित सिल्व्हेस्त्र द सासी याने 1809 मध्ये 'असॅसिन' या शब्दाची व्युत्पत्ती 'हशीशी' या शब्दाशी जोडली होती. पर्वतावरील म्हातारा आपल्या अनुयायांना मादक द्रव्य देऊन कृत्रिम स्वर्ग दाखवतो, ही मार्को पोलोची कथा त्यामुळे हशीशला चिकटली. निझारी इस्माइली पंथीयांनी हशीश वापरल्याचा पुरावा नाही आणि 'हशीशी' ही विरोधकांनी दिलेली शिवी होती, हे फरहाद दफ्तरी यांनी 1994 च्या ग्रंथात दाखवून दिले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील वाचकापर्यंत शिवी नव्हे, कथा पोहोचली होती.

तेओफिल गोतिए याने 1843 मध्ये वृत्तपत्रात आणि 1846 मध्ये 'रेव्ह्यू दे द्यू माँद' या नियतकालिकात आपले अनुभव लिहिले. सेन नदीतील बेटावरच्या पिमोदाँ वाड्यात डॉक्टर पाहुण्यांना हिरवा पाक चमच्याने वाटतो आणि मग भोजन होते. हा पाक, म्हणजे 'दावामेस्क', साखर, सुकामेवा, मसाले आणि स्निग्ध पदार्थ घालून केलेला असे. आपल्याकडील माजूमचाच तो भाईबंद. गोतिएच्या भासात जे विचित्र पात्र अवतरते त्याचे नाव 'दाऊकुस-कारोटा', म्हणजे गाजराचे शास्त्रीय नाव. जर्मन कथाकार हॉफमन याच्या कथाविश्वातून ते आलेले आहे. गोतिएने हशीश खाल्ली खरी, पण त्याला भेटायला आला तो हॉफमन.

या मंडळींच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, ही गोष्टही दुर्लक्षून चालणार नाही. बाल्झाकने तो पाक हातात घेतला, निरखला, हुंगला आणि न खाता परत केला, असे शार्ल बोदलेअर सांगतो. परंतु खुद्द बाल्झाकने डिसेंबर 1845 मधील आपल्या पत्रात हशीश घेतल्याचे आणि स्वर्गीय आवाज ऐकल्याचे लिहिले आहे. बोदलेअर त्या बैठकांना क्वचितच, तेही बहुधा प्रेक्षक म्हणून येत असे, अशी गोतिएची 1868 मधील साक्ष आहे. हशीशवरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ अशा रीतीने बव्हंशी निरीक्षकाचा आहे. 1860 मधील त्या ग्रंथाचा उत्तरार्ध तर डी क्विन्सीचाच सारानुवाद आहे. तथापि, या विषयावरील सर्वांत समंजस विधानही बोदलेअरचेच आहे, हे नमूद केले पाहिजे. हशीश माणसाला त्याच्या स्वतःखेरीज काहीही नवे दाखवीत नाही, जे आहे तेच फुगवून दाखवते, असे त्याचे प्रतिपादन आहे. इच्छाशक्तीचा क्षय हा त्याचा हशीशवरील मुख्य आक्षेप होता.

अमेरिकेतील दोन लेखक

कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये गांजाच्या औषधी उपयोगांवर निबंध वाचला आणि त्यानंतर या वनस्पतीचा अर्क पाश्चात्त्य औषधांच्या दुकानांत आला. त्या निबंधात अर्काचे थेंब घेणाऱ्या एका लाजाळू विद्यार्थ्याची हकीकत आहे. थोड्याच वेळात तो राजा झाला आणि दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला. कलकत्त्याच्या मुलाला राजा व्हावेसे वाटले, यात नवल नाही.

अमेरिकन प्रवासी बेयार्ड टेलर याने 1852 मध्ये दमास्कसला हशीश घेतली. तो नुकताच इजिप्त पाहून आला होता (त्याच प्रवासात पुढे तो मुंबईलाही उतरला). भासात तो पिरॅमिडवर चढला, आणि तो पिरॅमिड तंबाखूच्या वड्यांचा बांधलेला आहे असे त्याला दिसले. हे वर्णन 1854 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावात फिट्झ ह्यू लडलो या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ते वाचले होते. ओळखीच्या औषधविक्रेत्याच्या दुकानात ओशॉनेसीच्या निबंधामुळे रूढ झालेल्या अर्काची बरणी होती. आधी दहा ग्रेन, मग वाढवीत वाढवीत तीस ग्रेन, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम अर्क त्याने घेतला. 1857 मध्ये हार्पर प्रकाशनाने त्याचे पुस्तक निनावी काढले. शीर्षकातील 'हशीश खाणारा' हा शब्दप्रयोग डी क्विन्सीच्या 'अफू खाणारा' याची उघड छाया आहे. नुकताच पदवीधर झालेला, धर्मोपदेशकाचा हा मुलगा अभिजात वाङ्मयाने आणि बायबलने भारलेला होता. त्याचे भासही तसेच आहेत. स्वतःला तो पायथागोरसचा शिष्य म्हणवतो. मात्र जेथे तो ग्रंथ विसरतो, तेथे त्याचे लेखन खरे वाटते. पहिल्याच रात्री भीतीने डॉक्टरांकडे धाव घेताना परिचित रस्ता संपता संपत नाही, हा भाग त्यातलाच.

अनुभवातील द्रव्याचा वाटा

याचा अर्थ सारे लेखन कल्पित आहे, असा नाही. काळ लांबणे, अंतर वाढणे, हसू अनावर होणे, तोंड कोरडे पडणे आणि एकाएकी भय दाटणे या गोष्टी सर्वांत येतात आणि त्या द्रव्याच्या म्हणता येतील. हे सर्व लेखक हशीश ओढीत नव्हते, खात होते. 1964 मध्ये इस्राएलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढलेले टीएचसी हे रसायन पोटातून गेल्यास यकृतात त्याचे अधिक प्रभावी रूप तयार होते. परिणाम उशिरा सुरू होतो, अधिक काळ टिकतो आणि पूर्वअंदाज चुकतो. पहिल्या मात्रेने काही झाले नाही असे समजून टेलरने आणखी घेतली, ती चूक या यांत्रिकतेतून झाली. चिलीम ओढणाऱ्या शेतमजुराचा अनुभव आणि पिमोदाँ वाड्यातील पाहुण्याचा अनुभव हे रसायनदृष्ट्याही एक नव्हेत.

अफूसंबंधी हा वाद साहित्यसमीक्षेत पूर्वीच झाला आहे. अफूनेच रोमँटिक कवींना विशिष्ट प्रतिमा दिल्या, असे एम. एच. एब्रम्स यांनी 1934 मध्ये मांडले. एलिझाबेथ श्नायडर यांनी 1953 मध्ये ते खोडून काढले आणि अलेथिया हेटर यांनी 1968 मध्ये मध्यम भूमिका घेतली. त्याच 1953 मध्ये समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी दाखवले की, मारिहुआना ओढणारा नवखा माणूस परिणाम 'ओळखायला' इतरांकडून शिकतो. लडलोने ते टेलरकडून शिकले. फरक इतकाच की, ही शिकवणी छापील होती.

या प्रश्नाला साहित्याबाहेरही महत्त्व आहे. मोरोच्या ग्रंथातील हशीश आणि वेड यांचे समीकरण हिंदुस्थानात वेगळ्या रूपाने रुजले. गांजा वेड लावतो हे वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांवरून सिद्ध झाले आहे, असे येथे मानले जाऊ लागले. 1893-94 मध्ये नेमलेल्या भारतीय गांजा-भांग आयोगाने 1193 साक्षी घेतल्या; त्यांत मुंबई इलाखा आणि वऱ्हाड येथील साक्षींचाही समावेश आहे. मर्यादित सेवनाने सामान्यतः हानी होत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याहून महत्त्वाची त्याची पद्धती होय. इस्पितळांच्या नोंदवह्यांतील आकडे तसेच न स्वीकारता आयोगाने एकेका रुग्णाची नोंद मुळापर्यंत तपासली, तेव्हा 'वेडाचे कारण' हा रकाना वैद्याच्या तपासणीतून भरलेला नसून बहुधा रुग्णाबरोबर पोलिसांनी पाठवलेल्या कागदावरून उतरवून घेतलेला आहे, असे आढळून आले.