मुक्कामाची उंची

मनाली ते लेह हा सुमारे ४७५ किलोमीटरचा डोंगरी रस्ता सायकलवरून पार करावा, ही ओढ आता गिर्यारोहकांपुरती राहिलेली नाही. पेढीवर बसणारी तरुण मुलेही पहाटे उठून घाटात सराव करू लागली आहेत आणि दोन-तीन मित्र जमले की हिमालयाचा बेत ठरू लागतो. बेत ठरला की चर्चा सुरू होते ती सायकलची. टायर किती रुंद असावा, गिअर कोणते, ब्रेक कोणते, यावर संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. दिवसाला किती किलोमीटर कापायचे याचा तक्ताही तयार होतो. त्या तक्त्यात सहसा एकच रकाना राहून जातो : कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे. वास्तविक या प्रवासात बाकी सारे रकाने त्या एका रकान्यावर अवलंबून असतात.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, परंतु हवेचा दाब उतरतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो. तांगलांग ला या ५,३२८ मीटर उंचीच्या खिंडीत हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीर या उणिवेशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन कमी करता येत नाहीत. पर्वतीय वैद्यकात यासाठी एक सर्वमान्य सूत्र आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. दिवसा याहून वर चढून खाली येण्यास हरकत नसते. मोजायची ती रात्रीची उंची.

हे सूत्र हाती घेऊन मनाली-लेह रस्ता तपासला की त्यातील अडचण लगेच दिसते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरची असली तरी ती ओलांडून सायकलस्वार पुन्हा खाली लाहौलमध्ये उतरतो; केलाँग आणि जिस्पा ही गावे ३,१०० ते ३,२०० मीटरच्या आसपास आहेत. येथपर्यंत सारे ठीक. पुढचा प्रचलित मुक्काम सर्चू मात्र सुमारे ४,२९० मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरहून अधिक वाढते, आणि तीही ऐंशीहून अधिक किलोमीटर सायकल मारल्यानंतर.

याहून गंभीर गोष्ट नकाशा नीट पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. सर्चूचे पठार दोन्ही बाजूंनी खिंडींनी कोंडलेले आहे. मागे सुमारे ४,८९० मीटरची बारालाचा, पुढे ४,७४० मीटरची नकी ला आणि लगेच ५,००० मीटरच्या वरची लाचुंग ला. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. सर्चूला रात्री एखाद्याची प्रकृती बिघडली, तर त्याला खाली नेण्यासाठी आधी सहाशे मीटर वर न्यावे लागते! म्हणून पुढे जायचे की परतायचे हा निर्णय सर्चूला घ्यायचा नसतोच. तो बारालाचाच्या अलीकडे, झिंगझिंगबारच्या तंबूत, आदल्या संध्याकाळी घ्यायचा असतो. डोके दुखते आहे, अन्नावर वासना नाही, मळमळते आहे, अशी स्थिती असेल त्याने दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडू नये. तेथून जिस्पाकडे सरळ उतार आहे.

हा नियम घर सोडण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केलेला असावा. उंचावर विचारशक्तीच मंदावते, आणि ज्याला त्रास होतो तोच ‘मला काही झालेले नाही’ असे ठासून सांगतो. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात विसंगती आली, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूला सूज आल्याची किंवा फुप्फुसांत पाणी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. धडधाकट तरुणाला हा आजार होत नाही, ही समजूत चुकीची आहे. उलट दमसास चांगला असलेला सायकलस्वार वेगाने वर पोहोचतो आणि लवकर अडचणीत येतो. ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, परंतु घाईने चढण्याचा तो परवाना नव्हे. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा तर काही मिनिटांचाच सोबती.

म्हणूनच प्रथम जाणाऱ्यांनी मागे एक भाड्याची गाडी ठेवावी. सामान वाहून नेणे हे तिचे दुय्यम काम; रात्री दोन वाजता आजाऱ्याला खाली नेणारे दुसरे साधन तेथे नसते. जिस्पा सोडल्यावर मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. परराज्यातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. उपग्रह फोन विनापरवाना बाळगणे भारतात गुन्हा आहे. परदेशस्थ नातलगाने प्रेमाने दिला तरी तो नेऊ नये. विम्याच्या पॉलिसीतील उंचीची मर्यादा आणि साहसी खेळांचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. ते बारीक अक्षरांत असते, हे सांगायला नकोच.

या हिशोबाने वेळापत्रक मांडले तर ते असे होते. मनालीत दोन रात्री, मग मढी, सिस्सू, जिस्पात दोन रात्री. त्यानंतर पत्सेओ आणि झिंगझिंगबार असे दोन टप्पे करून बारालाचा ओलांडायची. सर्चूला एक दिवस विसावा. पुढे गाटा लूप्सच्या पायथ्याशी मुक्काम, कारण एकवीस वळणांचा तो चढ सकाळच्या ताज्या पायांनीच चढावा. मग पांग, मोरे मैदानाच्या टोकाला देब्रिंग, तांगलांग ला उतरून रुमत्से आणि शेवटी लेह. पंधरा दिवस झाले. शिवाय दरड कोसळली, नाल्याला पाणी आले, तर दोन दिवस राखीव. बर्फ दुपारी वितळते आणि नाले फुगतात. ते सकाळीच ओलांडायचे असल्याने घाई करून उपयोग नसतो.

दुकानातून एवढी रजा कोणाला मिळते? बहुतेकांच्या हाती दहा दिवस असतात आणि परतीचे विमान आधीच ठरलेले असते. सारा धोका त्या तिकिटात आहे. विश्रांतीचे दिवस कापले जातात ते त्याच्यासाठी. दहाच दिवस असतील तर श्रीनगरहून निघावे हे उत्तम. सुमारे ४२० किलोमीटरच्या त्या रस्त्यावरील सर्वांत उंच खिंड फोटू ला ४,१०८ मीटरची आहे, आणि द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरू हे मुक्काम साडेतीन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याखाली येतात. कारगिल तर २,७०० मीटरही नाही. मनाली-लेहचा डौल त्याला नाही, असे म्हणणारे म्हणोत.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत पहिला विचारला जातो. सर्चू-पांगच्या तंबूंत राजमा-चावल, मॅगी, आलू पराठा मिळतो. कांदा-लसूण-बटाटा टाळणाऱ्याने त्यांवर विसंबू नये. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. गाडीत छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, खाकरे, सातूचे पीठ, मेतकूट, सुका मेवा असावा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो मनालीतच घ्यावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम येथे सहज पाळला जातो, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि त्याआधीच मुक्काम गाठावा लागतो. उकळलेले पाणीच पिणाऱ्यांनी मोठे थर्मास न्यावेत. उपवास मात्र या दिवसांत करू नयेत; पाणी आणि अन्न कमी पडले तर उंचीचा त्रास कोणता आणि थकवा कोणता, हेच कळेनासे होते. भाद्रपदातील पर्व आटोपून सप्टेंबरात निघणाऱ्यांना नाल्यांना पाणी कमी आणि आकाश स्वच्छ मिळते, पण सर्चूला रात्री बाटलीतले पाणी गोठते.

सायकलीविषयी थोडेच सांगायचे. रस्ता बराचसा डांबरी झाला आहे, तरी उखडलेले पट्टे आणि नाल्यांतले दगडगोटे यांसाठी जाड टायरची माउंटन बाइकच बरी. सर्वांत हलका गिअर खरोखर हलका असावा. ब्रेकचे जादा पॅड, साखळीचे दुवे, स्पोक आणि मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर सोबत न्यावा. हे भाग केलाँगनंतर मिळत नाहीत. उतारावर गार वाऱ्याने बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबता येत नाही, म्हणून खिंडीच्या माथ्यावरच कोरडे हातमोजे चढवावेत. तांगलांग लानंतरचा उतार उपशीपर्यंत, सिंधूच्या काठापर्यंत जातो. तेथून लेह पन्नासएक किलोमीटर उरते; रस्ता थोडा चढाचा आहे आणि लष्करी ट्रकांची वर्दळ असते.