कंदील कोणाच्या हातात?

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पीडीपी-१० या संगणकावर एक खेळ लिहायला घेतला. नाव ‘मड’, म्हणजे ‘मल्टि-यूजर डंजन’. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर खोलीचे वर्णन उमटे, खेळणारा दिशा टाइप करी आणि पुढच्या खोलीचे वर्णन येई. शब्दांवर चालणारे खेळ त्याआधीही होते. इथे मात्र त्याच खोलीत, त्याच वेळी, दुसऱ्या टर्मिनलवर बसलेला माणूसही हजर असे. पुढे हे काम ट्रबशॉचा मित्र रिचर्ड बार्टल याने हाती घेऊन वाढवले. आज कोट्यवधी लोक एकत्र खेळतात त्या ऑनलाइन खेळांच्या वंशावळीत हे हौसेने केलेले काम अगदी वरच्या पिढीत बसते.

हौशी प्रोग्रामरला अशा खेळात भेटणारा पहिला खरा प्रश्न ‘मड’च्या काळापासून बदललेला नाही. समजा, खोलीत एकच कंदील आहे आणि दोन खेळाडूंनी एकाच क्षणी ‘कंदील घे’ असे लिहिले. प्रत्येकाच्या संगणकाने आपापला निर्णय घेतला, तर कंदील दोघांच्याही हातात जाईल. म्हणून जगाची खरी नोंद एकाच ठिकाणी ठेवावी लागते. ते ठिकाण म्हणजे सर्व्हर. खेळाडूकडचा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, फक्त विनंती पाठवतो. सर्व्हर विनंत्या रांगेत लावतो, पहिल्याला कंदील देतो आणि दुसऱ्याला ‘इथे कंदील नाही’ असे कळवतो. ‘माझ्याकडे हजार मोहरा आहेत’ असे क्लायंटने सांगितले, तरी त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. मोहरा सर्व्हरनेच मोजायच्या. ऑनलाइन खेळांतील कितीतरी फसवणुकी हा नियम ढिला सोडल्यामुळे होतात.

शब्दांच्या खेळात सर्व्हर आज्ञेची वाट पाहत बसू शकतो. प्राणी चालतात, पाणी वाहते, दिवस मावळतो अशा जगात घड्याळ लागते. या घड्याळाच्या एका ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. मार्कुस पेर्सन याने २००९ मध्ये एकट्याने सुरू केलेल्या ‘माइनक्राफ्ट’चा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालतो. म्हणजे जगातली सगळी हालचाल एकदा पुढे सरकवायला ५० मिलिसेकंद मिळतात. तेच काम ८० मिलिसेकंद घेऊ लागले, तर सेकंदात साडेबाराच टिक होतात. मग गाईगुरे अडखळत चालतात आणि फोडलेला दगड क्षणभराने पुन्हा जागेवर दिसतो. अशा वेळी अंदाजाने कोड बदलत बसण्यात अर्थ नसतो. कोणत्या टिकला किती वेळ लागला हे लॉगमध्ये छापले, की दोष कुठे आहे ते बहुधा लवकर दिसते.

अंतराचे गणित मात्र कोणत्याही कोडने सुटत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्टचे सरळ अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे. निरोप जाऊन परत यायला किमान ६५ मिलिसेकंद हवेतच, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात. ‘क्वेक’ या खेळाचा कर्ता जॉन कारमॅक याने १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये यावर तोडगा काढला. सर्व्हरचे उत्तर यायची वाट न पाहता क्लायंट खेळाडूला पडद्यावर लगेच हलवतो, आणि उत्तर वेगळे आले तर मागाहून दुरुस्ती करतो. अंतिम शब्द सर्व्हरचाच राहतो. ‘क्वेक’चा मूळ कोड १९९९ मध्ये खुला झाला. या विषयाचे त्याहून चांगले पाठ्यपुस्तक क्वचितच सापडेल.

सर्व्हर घरी ठेवायला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही पुरतो. अडचण येते ती पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, आयपीव्ही४ मध्ये, सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. त्यामुळे इंटरनेट पुरवठादार अनेकदा पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो. सगळ्या सोसायटीला मिळून एकच टपालपेटी असावी, तसे हे आहे. बाहेरून आलेला निरोप नेमक्या घरी पोहोचत नाही आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडूनही काही होत नाही. मग आयपीव्ही६ वापरावे, नाहीतर भाड्याने छोटा लिनक्स सर्व्हर घ्यावा. पत्ता खुला झाला की थोड्याच वेळात पासवर्ड चाचपणारे अनोळखी प्रोग्राम लॉगमध्ये दिसू लागतात. म्हणून लॉगिन पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने करावे, आणि खेळ रूट, म्हणजे संगणकावरच्या सर्वोच्च, अधिकाराने कधीही चालवू नये. जगाचा बॅकअप रोज घ्यावा आणि तो अधूनमधून परत चढवूनही पाहावा.

मराठीत खेळ करू पाहणाऱ्याला आणखी एक काम असते, आणि ते मनापासून करण्यासारखे आहे. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र व्यंजने, हलन्त आणि मात्रा धरून ११ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना ३३ बाइट लागतात. खेळाडूच्या नावाला १६ बाइटची मर्यादा घातलेली असेल, तर पहिल्या १५ बाइटांत ‘ज्ञान’ बसते. सोळावा बाइट पुढच्या मात्रेचा तुटलेला तुकडा असतो आणि पडद्यावर तिथे प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट उमटते. म्हणून लांबी मोजताना बाइट न मोजता दिसणारी अक्षरे मोजावीत. अक्षर काढण्याची गोष्टही वेगळीच. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पण ती काढायची असते कच्या आधी. गोडो या मुक्त गेम इंजिनमध्ये ही सोय २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत नीट आली. आधीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटी पडत. म्हणून इंजिन निवडतानाच ‘क्षि’ आणि ‘र्‍या’ लिहून पाहावे.

असे प्रकल्प अर्धवट राहतात ते बहुधा कठीण कोडमुळे नव्हे, तर आकारामुळे. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा खेळ एरिक बॅरोन याने एकट्याने केला, पण त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला आणि तेवढा काळ तो त्याच कामाला जुंपलेला होता. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तेवढे जमत नाही. याउलट २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’ या स्पर्धेत ४८ तासांत खेळ पुरा करायचा असतो, आणि तसे खेळ खरोखर पुरे होतात. ‘मड’ची पहिली आवृत्तीसुद्धा काही तासांतच तयार झाली होती. एकच जग अनेकांना एकाच वेळी वापरता येते का, एवढेच तिच्यातून तपासायचे होते. सुरुवात करणाऱ्याने दोन खोल्या आणि एक कंदील एवढेच जग बांधावे, वर्णने मराठीत लिहावीत आणि एका मित्राला आत बोलवावे.