रोजचे शब्द : भाग ९ – विघ्न

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, इंडिया गेटच्या टोकाला, महाराष्ट्र सदनाची नवी इमारत आहे. २०१३ पासून वापरात असलेल्या या सदनात गणेशोत्सवात दिल्लीकर मराठी मंडळी आरतीला जमतात. समर्थ रामदासांच्या नावावर असलेल्या त्या आरतीत 'विघ्न' पहिल्याच ओळीत येतं. तीच मंडळी जानेवारीत संचलनाच्या सरावामुळे याच भागात बॅरिकेडपाशी अडकतात, तेव्हा घरी फोन करून 'रस्ता बंद आहे, उशीर होईल' एवढंच सांगतात. 'विघ्न आलं' असं कुणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

विघ्न यायला आधी एखादं कार्य योजलेलं किंवा सुरू झालेलं असावं लागतं. लग्न ठरलं आणि घरात कुणी आजारी पडलं, मांडव उभा राहिला आणि अवकाळी पाऊस आला, की ते विघ्न. शब्दाच्या मुळाशी 'हन्' म्हणजे मारणे हा धातू आहे. 'कृतघ्न'मधला 'घ्न' तोच. विघ्न कार्यावरच घाव घालतं. अमरकोशात त्याच्या जोडीला 'अंतराय' आणि 'प्रत्यूह' हे शब्द आहेत. 'अंतराय' आता फक्त ग्रंथात उरला, 'प्रत्यूह' तर तिथंही क्वचितच भेटतो. विघ्न मात्र तोंडी राहिलं, आणि त्याचं श्रेय मुख्यतः गणपतीला. जुन्नरजवळच्या ओझरला तर देवाचं नावच विघ्नेश्वर.

आणखी एक खूण पाहा. विघ्न बहुतेक वेळा 'येतं' आणि 'टळतं'. खोडा मात्र कुणीतरी 'घालतं'. मोडता घातला जातो, पाचर मारली जाते. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं जड लाकूड, पाचर म्हणजे फटीत ठोकायचा लाकडाचा निमुळता तुकडा. दोन्हींमागे माणसाचा हात आहे. अडसराची गोष्ट तर फारच सुंदर. जुन्या वाड्यात दिंडीदरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या जाड भिंतींत चौकोनी खोबणी असत. रात्री एका भिंतीतून लांब वासा ओढायचा, दारामागून आडवा नेऊन दुसऱ्या भिंतीत सरकवायचा. घराची राखण करणारी ही वस्तू. दरवाजे बदलले, वासा गेला, आणि आज 'अडसर दूर झाला' हे वाक्य फक्त बातम्यांत दिसतं.

'अडचण' त्याहून घरगुती. 'जरा अडचणीत आहे' म्हटलं की समोरच्याला पैशांचं कळतं. जागा अडचणीची असते, आणि जुन्या पिढीतल्या बायका मासिक पाळीलाही 'अडचण' म्हणत. दिल्लीत वाढलेली मराठी मुलं हिंदीच्या सवयीनं सगळ्यालाच 'रुकावट' म्हणतात. त्यांना हे वेगवेगळे शब्द आजी-आजोबांनीच द्यायला हवेत.

मला खटकतो तो बातम्यांतला आणि भाषणांतला विघ्नाचा सैल वापर. परवानगीची फाइल महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते आणि उद्‌घाटनाच्या भाषणात 'अनेक विघ्नं आली' असं सांगितलं जातं. ती विघ्नं नव्हती. कुणीतरी फाइल अडवली होती, कुणीतरी मोडता घातला होता. तिथं 'विघ्न' म्हटलं की अडवणाऱ्याचं नाव विचारायचं राहून जातं. 'विघ्नसंतोषी' या शब्दाचंही तेच झालं आहे. दुसऱ्याच्या कामात विघ्न आलेलं पाहून ज्याला बरं वाटतं, तो विघ्नसंतोषी. हल्ली रास्त आक्षेप घेणाऱ्यालाही सभेत हे विशेषण चिकटवतात. आक्षेप म्हणजे विघ्न नव्हे, आणि आक्षेप घेणाऱ्याला असं गप्प करणं हा भाषेचा आणि त्या माणसाचाही अपमान आहे.

तुमच्या भागात कामात मोडता घालण्याला आणखी कुठला शब्द असेल, तर तो कोणत्या गावचा आणि कसा वापरतात, हे वाक्यासह जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात 'मुहूर्त' या शब्दाविषयी.