गुडघ्याला जेल की पोटात गोळी?

कपाशीची वेचणी सुरू झाली की दवाखान्यात कंबर आणि गुडघे धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. रावेर-यावलकडचे केळीचे घड वाहणारे मजूर तर बारा महिने येतात. बहुतेकांची मागणी एकच, "डॉक्टरसाहेब, गोळी नाहीतर सुई द्या. मलमाने काय होतं?" प्रश्न रास्त आहे. कातडी औषध आत घेण्यासाठी बनलेलीच नाही. बाहेरचे बाहेर ठेवणे हे तिचे काम.

त्यात औषधाचीही अडचण आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पायरॉक्सिकॅम ही वेदनाशामके मूळ रूपात पाण्यात फारच कमी विरघळतात, आणि न विरघळलेले औषध कातडीवर नुसते पडून राहते. आपली शेवभाजी पाहा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो आणि तर्री होऊन वर येतो. कातडीचा सर्वांत वरचा थर असाच तेलकट, त्याखालचे थर पाणीदार. म्हणजे औषधाला आधी तेलाशी आणि मग पाण्याशी, दोघांशी जमवून घ्यावे लागते.

जेल करताना डायक्लोफेनॅकला डायइथिलअमाइन या द्रव्याशी जोडतात. त्यामुळे ते दोन्हीकडे बरे मिसळते. मग ते अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवांत विरघळवून कार्बोमर नावाच्या पदार्थाने दाट करतात. लावताच गार वाटते ते अल्कोहोल उडाल्यामुळे; तो औषधाचा गुण नव्हे. पण अल्कोहोल उडाले की उरलेल्या द्रवात औषधाची दाटी होते, पाक आटत आला की साखरेची होते तशी, आणि ते कातडीत सरकू लागते. शिरपूर, फैजपूरला फार्मसी शिकणाऱ्या मुलांना हे मोजायचे साधन ठाऊक असेल. काचेचे दोन कप्पे, मध्ये पातळ पडदा, वर जेल, खाली कोमट द्रव. ठरावीक वेळाने खालचा द्रव काढून औषध किती उतरले ते पाहायचे.

आता मुख्य मुद्दा. एका गुडघ्याला जेल लावले तर रक्तात जाणारे डायक्लोफेनॅक गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच असते. जास्त सांध्यांना, जास्त प्रमाणात लावले तर ते २० टक्क्यांपर्यंत जाते. गोळी मात्र रक्तावाटे सगळीकडे फिरते. पोटात व्रण होतो तो केवळ गोळी पोटाला लागल्याने नव्हे, तर रक्तातल्या औषधाने. म्हणून सुई घेतली की पोट सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. मूत्रपिंडाचे तर विचारूच नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांकडे जातो, घामाने अंगातले पाणी कमी होते. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी जी द्रव्ये शरीर तयार करते, तीच ही गोळी बंद पाडते. सोबत रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. (याच डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मेली, म्हणून २००६ साली ते जनावरांसाठी बंद करण्यात आले.)

जेलने गुण येतो का? २०१६ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात झिजलेल्या सांध्यांच्या दुखण्यात जेल लावणाऱ्या १०० पैकी सुमारे ६० जणांना चांगला आराम पडला. औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत ५० जणांना. फरक मोठा नाही, पण खरा आहे. पाय मुरगळणे, मुका मार यांत मात्र फायदा कितीतरी ठळक असतो. गुडघा, घोटा, मनगट, बोटे यांचे सांधे कातडीच्या जवळ असल्याने तिथे जेल चालते. कंबर आणि खुबा फार खोल, तिथे फारशी आशा धरू नये.

गुण न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे काटकसर. गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, म्हणजे निदान चार रेघा. या हिशेबाने तीस ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते. आमच्याकडे ती दोन महिने पुरवतात आणि जेलला नावे ठेवतात!

हलक्या हाताने लावावे, नंतर हात धुवावेत. जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नये. वर घट्ट पट्टी किंवा शेक नको. जेल लावून गोळीही चालूच ठेवली तर उपयोग काय? ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी विचारावे. जळजळ होते म्हणजे औषध जोरदार, असेही नाही. बाजारातल्या बऱ्याच ट्यूबांत मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट मिसळलेले असते, त्याची ती जळजळ. आठवडाभर नीट लावूनही फरक पडला नाही, किंवा सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर पुढची ट्यूब न आणता सांधा तपासून घ्यावा.